होडीतून पाहिलेली टक्कर
ख्रिस्तियान हायगेन्स (1629 ते 1695)

वाचायला सुरुवात करण्याआधी दोन सारखी नाणी घ्या. घरात कॅरम असेल तर दोन सोंगट्या घ्या, त्या जास्त छान चालतात. एक सोंगटी बोर्डाच्या मध्ये ठेवा. दुसरी थोडी लांब ठेवा आणि तिला टिचकी मारा. ती पहिलीवर अगदी सरळ, समोरून आदळली पाहिजे. तिरकी लागली तर ती मोजायची नाही, परत मारा.

काय झालं? धावत आलेली सोंगटी जवळजवळ तिथेच थांबली. आणि जी थांबलेली होती, ती पळाली. जणू एकीने आपला सगळा वेग दुसरीला देऊन टाकला.

हे तुम्हाला दिसलं, मलाही दिसलं, आणि पावणेचारशे वर्षांपूर्वी कुणालाही दिसू शकलं असतं. पण त्या काळी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या विद्वानाच्या पुस्तकात वेगळंच उत्तर लिहिलं होतं. ते उत्तर चूक आहे हे एका तरुण मुलाने शोधून काढलं. त्याची ही गोष्ट आहे. त्याचं नाव ख्रिस्तियान हायगेन्स. त्याच्या देशातले लोक, म्हणजे डच लोक, हे आडनाव वेगळं उच्चारतात, घसा खरवडून. मला ते जमत नाही. मराठी पुस्तकांत जसं लिहितात तसं आपण हायगेन्स म्हणू.

आणखी एक. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. आम्ही संवेग, वस्तुमान, गतिज ऊर्जा असे शब्द पाठ केले होते. पुढे इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा सर मोमेंटम, मोमेंटम म्हणत होते आणि मला काही कळत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की अरे, हा तर आपला संवेग! तुमचं बरोबर उलटं आहे. तुम्हाला मोमेंटम माहीत असेल, संवेग नसेल. तर लक्षात ठेवा: मास म्हणजे वस्तुमान, मोमेंटम म्हणजे संवेग, कायनेटिक एनर्जी म्हणजे गतिज ऊर्जा. आणि कोलिजन म्हणजे साधी, सरळ टक्कर.

घरी येणारे पाहुणे

ख्रिस्तियानचा जन्म 14 एप्रिल 1629 रोजी नेदरलँड्समधल्या द हेग या शहरात झाला. त्याचे वडील कॉन्स्टँटाइन हे मोठे गृहस्थ होते. ते राजघराण्याचे सचिव होते, कवी होते, त्यांना बऱ्याच भाषा येत होत्या आणि संगीताचा नाद होता. घरात पाच भावंडं: चार मुलगे आणि एक मुलगी. ख्रिस्तियान दुसरा. 1637 मध्ये, धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, त्याची आई वारली. तेव्हा ख्रिस्तियान आठ वर्षांचा होता.

मुलं शाळेत गेली नाहीत. वडिलांनी घरीच शिक्षक ठेवले. लॅटिन, गणित, गाणं, वाद्यं, नाच, घोडेस्वारी, सगळं घरी. ख्रिस्तियानला हाताने वस्तू बनवायची फार आवड होती. गणितात तर तो इतका पुढे होता की वडील कौतुकाने त्याला आपला आर्किमिडीज म्हणत.

वडिलांच्या ओळखी खूप. घरी चित्रकार, कवी, मंत्री, विद्वान येत. त्यातलेच एक होते रने देकार्त. गणिताच्या तासाला तुम्ही आलेख काढता, एक्स अक्ष आणि वाय अक्ष असलेला? त्याला कार्टेशियन आलेख म्हणतात, ते देकार्त यांच्याच नावावरून. ते मूळचे फ्रान्सचे, पण बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये राहत होते. ख्रिस्तियानच्या वडिलांचे ते मित्र होते, आणि मित्राचा हा मुलगा हुशार आहे हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

1644 मध्ये देकार्त यांचं एक मोठं पुस्तक आलं. जग कसं चालतं, ग्रह कसे फिरतात, वस्तू का हलतात, सगळं त्यात होतं. ख्रिस्तियानने ते पंधरा-सोळा वर्षांचा असताना वाचलं आणि तो अगदी भारावून गेला. काही समजलं नाही की त्याला वाटायचं, चूक आपलीच असणार. एवढा मोठा माणूस कसा चुकेल?

1645 मध्ये तो भाऊ कॉन्स्टँटाइनबरोबर लायडनच्या विद्यापीठात गेला. (हो, वडिलांचं आणि मोठ्या भावाचं नाव एकच. त्यांच्याकडे तशी पद्धत होती, वाचताना फार गोंधळ होतो.) शिकायचा होता कायदा, पण गणितही शिकला. गणिताचे शिक्षक होते फ्रान्स व्हान स्कूटेन. ते देकार्त यांचे अगदी निष्ठावंत अनुयायी. देकार्त यांच्या भूमितीच्या पुस्तकाचं त्यांनी लॅटिनमध्ये भाषांतरही केलं.

म्हणजे बघा, घरी वडिलांचे मित्र देकार्त आणि कॉलेजात सरांचे गुरू देकार्त.

देकार्त काय म्हणाले होते

त्या पुस्तकात टकरीचे सात नियम होते. पहिला नियम असा: दोन सारख्या वस्तू सारख्याच वेगाने समोरासमोर येऊन आदळल्या, तर दोन्ही तेवढ्याच वेगाने उलट्या फिरतात. हे ठीक आहे.

पण सहावा नियम बघा. दोन सारख्या वस्तू आहेत. एक थांबलेली आहे आणि दुसरी येऊन तिच्यावर आदळते. देकार्त यांच्या मते येणारी वस्तू आपल्या वेगाचा चौथा हिस्सा थांबलेल्या वस्तूला देते आणि उरलेल्या तीन हिश्शांनी मागे फिरते. तुमच्या सोंगटीने असं केलं का?

चौथा नियम तर आणखी गमतीचा. थांबलेली वस्तू मोठी असेल आणि येणारी लहान, तर लहान वस्तू कितीही जोरात आली तरी मोठी वस्तू हलतच नाही. लहान वस्तू तेवढ्याच वेगाने परत जाते.

आता तुम्ही म्हणाल, मग कुणी करून का नाही बघितलं? मलाही हेच वाटलं होतं. पण देकार्त यांनी पळवाट आधीच ठेवली होती. त्यांचं म्हणणं असं की हे नियम पूर्ण कठीण वस्तूंसाठी आहेत, आणि तेही आजूबाजूला दुसरं काहीच नसेल तेव्हाचे. खऱ्या जगात हवा वगैरे असते, म्हणून आपल्याला वेगळं दिसतं. मग तुम्ही टेबलावर हजार वेळा प्रयोग करून दाखवा, त्यांचे शिष्य म्हणणार, हा हवेचा परिणाम!

अशा माणसाला चूक कसं ठरवायचं? प्रयोगाने जमणार नव्हतं. त्याच्याच एका नियमाने त्याचाच दुसरा नियम मोडायला हवा होता.

होडी

1652 च्या सुमाराला ख्रिस्तियानला या नियमांची शंका यायला लागली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. देकार्त दोन वर्षांपूर्वी, 1650 मध्ये, स्टॉकहोमला वारले होते. त्यांना जाऊन विचारायची सोय नव्हती.

मराठीत लहान मुलाला आपण अरे-तुरे करतो आणि मोठ्या माणसाला अहो-जाहो. ख्रिस्तियान आता मोठा झाला आहे. तर इथून पुढे आपण त्यांना ते म्हणू, आणि हायगेन्स म्हणू.

नेदरलँड्स हा कालव्यांचा देश. त्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला कालव्यातल्या होड्या असत. काठावरून घोडा चालायचा आणि दोरीने होडी ओढायचा. समुद्रासारख्या लाटा नाहीत, हलणं-डोलणं नाही. होडीत बसलेल्या माणसाला कळतही नसे की आपण पुढे जातोय. इटलीचे गॅलिलिओ यांनी हायगेन्सच्या आधीच सांगितलं होतं की संथपणे, एकाच वेगाने जाणाऱ्या जहाजात सगळं जमिनीवरच्यासारखंच घडतं. तुम्ही विमानात बसून ज्यूस पिता ना, तेव्हा ग्लासातला ज्यूस काय मागे उडत नाही. तसंच.

हायगेन्सनी डोळ्यांसमोर एक चित्र आणलं. होडी काठाजवळून जाते आहे. होडीत एक माणूस उभा आहे. त्याच्या दोन हातांत दोन दोऱ्या आहेत आणि दोऱ्यांना दोन सारखे गोळे टांगलेले आहेत. तो हात जवळ आणतो आणि गोळे एकमेकांवर आदळतात. काठावर दुसरा माणूस उभा राहून हे बघतो आहे.

आकडे मी माझे घेतो, म्हणजे सोपं जाईल. वही काढा आणि माझ्याबरोबर लिहा.

होडी उजवीकडे जाते आहे, सेकंदाला 3 मीटर. होडीतल्या माणसाने डावा गोळा उजवीकडे 3 च्या वेगाने आणला आणि उजवा गोळा डावीकडे 3 च्या वेगाने. दोन्ही सारखे, वेग सारखा. देकार्त यांचा पहिला नियम लागू. टक्कर झाल्यावर दोघे 3 च्याच वेगाने उलटे फिरतात. इथपर्यंत भांडण नाही.

आता काठावरच्या माणसाच्या जागी जाऊन उभे राहा. त्याला काय दिसतं? डावा गोळा होडीबरोबर 3 आणि होडीच्या आत 3, म्हणजे एकूण 6 च्या वेगाने उजवीकडे जाताना दिसतो. उजवा गोळा होडीबरोबर 3 पुढे आणि होडीच्या आत 3 मागे, म्हणजे 0. तो थांबलेला दिसतो! टक्कर झाल्यावर? डावा गोळा होडीत 3 मागे जातो, म्हणून काठावरून 0. उजवा 3 पुढे, म्हणून काठावरून 6.

म्हणजे काठावरच्या माणसाने बघितलं की 6 च्या वेगाने आलेला गोळा थांबला आणि थांबलेला गोळा 6 च्या वेगाने निघाला. अगदी तुमच्या सोंगट्यांसारखं. टक्कर मात्र एकच होती. पहिला नियम खरा असेल तर सहावा नियम खोटाच असणार. इथे हवेचा काही संबंधच नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. यात यंत्र नाही, मोठं गणित नाही, फक्त बेरीज-वजाबाकी आहे. आणि युरोपातल्या सगळ्यात प्रसिद्ध पुस्तकातला नियम पडला.

चौथ्या नियमाचं काय? 1 किलोचा आणि 2 किलोचा असे दोन गोळे घ्या. हायगेन्सनी दाखवलं की लहान गोळा 2 च्या वेगाने आणि मोठा गोळा समोरून 1 च्या वेगाने आला, म्हणजे वस्तुमान दुप्पट आणि वेग निम्मा, तर दोघे आपापल्या वेगानेच मागे फिरतात. हे सिद्ध करणं सोपं नव्हतं. त्यासाठी त्यांना टांगलेले गोळे किती उंच चढतात याचा विचार करावा लागला. पण एकदा ते मिळाल्यावर परत होडी आणा. होडी सेकंदाला 1 मीटर वेगाने चालली आहे, लहान गोळा जातो आहे त्याच दिशेने. काठावरून लहान गोळा 3 च्या वेगाने येताना दिसतो आणि मोठा थांबलेला. टक्कर झाल्यावर लहान गोळा 1 च्या वेगाने मागे जातो आणि मोठा गोळा 2 च्या वेगाने पुढे. तो हलला की! लहान वस्तू मोठ्या वस्तूला हलवू शकते.

आता या आकड्यांमधली गंमत बघा. देकार्त यांना वाटायचं की वस्तुमान गुणिले वेग यांची बेरीज टकरीच्या आधी आणि नंतर सारखीच राहते. आधी 1 गुणिले 3, म्हणजे 3. नंतर 1 गुणिले 1 अधिक 2 गुणिले 2, म्हणजे 5. जमलं नाही. पण मागे जाणाऱ्या वेगाला उणे चिन्ह लावा. उणे 1 अधिक 4 म्हणजे 3. जमलं! देकार्त दिशा विसरले होते. संवेगाला दिशा असते.

हायगेन्सना आणखी एक गोष्ट सापडली. वेगाचा वर्ग करा आणि वस्तुमानाने गुणा. आधी 1 गुणिले 9, म्हणजे 9. नंतर 1 गुणिले 1 अधिक 2 गुणिले 4, म्हणजे परत 9. इथे दिशेची भानगडच नाही, कारण उणे संख्येचा वर्गही अधिकच असतो. ही राशी पुढे गतिज ऊर्जा म्हणून ओळखली गेली. तुमच्या पुस्तकात तिच्यामागे एक अर्धा असतो, तो नंतर, एकोणिसाव्या शतकात लागला.

सरांचा सल्ला

1654 मध्ये हायगेन्सनी आपले जुने शिक्षक व्हान स्कूटेन यांना पत्र लिहून कळवलं की देकार्त यांचे टकरीचे नियम, पहिला सोडून, बहुतेक चूक आहेत. सरांना ते आवडलं नाही. त्यांनी समजावलं की या नादाला लागू नकोस, एवढ्या मोठ्या माणसाच्या चुका काढण्यात वेळ घालवू नकोस.

हायगेन्सनी अर्धं ऐकलं. काम थांबवलं नाही. 1656 पर्यंत त्यांचं टकरीवरचं छोटं पुस्तक बहुतेक लिहून झालं होतं. पण ते छापलं नाही. कागद तसेच ठेवून दिले.

घाबरले असतील का? मला नाही वाटत नुसती भीती असेल. हायगेन्सना अर्धवट काम बाहेर द्यायला आवडत नसे, आणि त्यांचं लक्ष पटकन दुसरीकडे जायचं. त्या दोन-तीन वर्षांत त्यांनी काय काय केलं ते बघा. भावाच्या मदतीने स्वतः भिंगं घासून दुर्बीण बनवली. 25 मार्च 1655 रोजी शनी ग्रहाचा एक चंद्र शोधला, ज्याला आज आपण टायटन म्हणतो. शनीच्या दोन बाजूंना कानासारखं जे दिसतं ते खरं तर त्याच्याभोवतीचं कडं आहे, हे ओळखलं. आणि 1656 च्या शेवटी लंबकाचं घड्याळ तयार केलं. त्याआधीची चांगली घड्याळंसुद्धा दिवसाला पंधरा मिनिटं चुकायची. हायगेन्सचं घड्याळ साधारण पंधरा सेकंद चुकायचं. अशी माणसं बघितली की आपण दिवसभर काय करतो असा प्रश्न पडतो.

2005 च्या जानेवारीत एक यान टायटनवर उतरलं. त्याला हायगेन्सचंच नाव दिलं होतं.

लंडन

1661 मध्ये हायगेन्स लंडनला गेले. तिथे विद्वानांची एक मंडळी जमत होती, तीच पुढे रॉयल सोसायटी झाली. ते लोक दोऱ्यांना गोळे टांगून एकमेकांवर आदळवत होते, पण नियम काही सापडत नव्हता. त्यांनी हायगेन्सना वेगवेगळ्या टकरी घालून विचारलं, आता काय होईल? हायगेन्सनी कागदावर आकडे मांडले आणि सांगितलं. प्रयोग केला. उत्तरं बरोबर आली. पद्धत मात्र त्यांनी सांगितली नाही.

त्याच दिवसांत इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा राज्याभिषेक होता. सगळं लंडन मिरवणूक बघायला रस्त्यावर. आणि हायगेन्स? ते एका भिंगवाल्याच्या घरी दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. त्या दिवशी बुध ग्रह सूर्याच्या पुढून जाणार होता.

1666 मध्ये फ्रान्सच्या राजाने पॅरिसला नवी विज्ञान अकादमी काढली आणि हायगेन्सना तिथे बोलावलं. राजाच्या ग्रंथालयात राहायला जागा, चांगला पगार, मान. टकरीचे कागद त्यांच्या सामानातून पॅरिसला गेले. अजून छापलेले नव्हतेच.

1668 च्या शेवटी रॉयल सोसायटीने ठरवलं की टकरीचा प्रश्न एकदाचा सोडवायचा. तिघांकडे विचारणा झाली: जॉन वॉलिस, ख्रिस्टोफर रेन आणि हायगेन्स. रेन म्हणजे ज्यांनी पुढे लंडनचं सेंट पॉल चर्च बांधलं तेच. लंडनला राहणाऱ्या मुलांनी ते पाहिलं असेल.

वॉलिस यांचं उत्तर आधी आलं. त्यांनी वेगळ्या प्रकारच्या टकरीबद्दल लिहिलं होतं: अशा वस्तू, ज्या आदळल्यावर उसळत नाहीत. ओल्या मातीचे दोन गोळे एकमेकांवर फेका. ते चिकटून एकच गोळा होतो. आपल्या 1 किलो आणि 2 किलोच्या उदाहरणात गोळे मातीचे असते, तर टकरीनंतर दोघे मिळून 3 किलो, 1 च्या वेगाने पुढे गेले असते. संवेग आधी 3, नंतरही 3. पण वेगाच्या वर्गाचं गणित करा. आधी 9, नंतर 3 गुणिले 1, म्हणजे 3. 6 कुठे गेले? माती चेपली, थोडी गरम झाली, धप्प आवाज आला, त्यात गेले. हे सगळं नीट समजायला मात्र पुढे जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

जिथे गोळे उसळतात आणि 9 चे 9 च राहतात, तिला स्थितिस्थापक टक्कर म्हणतात. तुमच्या शाळेत इलॅस्टिक म्हणतात. जिथे 9 मधून काही कमी होतं ती अस्थितिस्थापक, इनइलॅस्टिक. शब्द लांब आहे, तोडून वाचा: अ, स्थिति, स्थापक. संवेग मात्र दोन्हींत टिकतो.

मग रेन यांचं उत्तर आलं, उसळणाऱ्या गोळ्यांचं. आणि 1669 च्या जानेवारीत हायगेन्सचं. रेन आणि हायगेन्स यांचे नियम जुळले. दोघांनी आपापल्या वाटेने जाऊन एकच गोष्ट शोधली होती. सगळ्यांना आनंद व्हायला हवा होता.

पण रॉयल सोसायटीच्या मासिकात वॉलिस आणि रेन यांचेच लेख छापून आले. हायगेन्सचं नाव नव्हतं. तेरा वर्षं ज्या गोष्टी त्यांच्या खणात होत्या, ज्यांची उत्तरं त्यांनी आठ वर्षांपूर्वी लंडनलाच बसून बरोबर दिली होती, त्या आता दुसऱ्याच्या नावावर जगापुढे आल्या. हायगेन्स दुखावले. मार्चमध्ये त्यांनी आपले नियम पॅरिसच्या एका मासिकात छापले. मग लंडनचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी एप्रिलमध्ये त्यांचा लेख लॅटिनमध्ये छापला आणि झालेल्या प्रकाराचा खुलासाही केला.

यात रेन यांची काही चूक नव्हती. आणि खरं सांगायचं तर हायगेन्सचीही थोडी चूक होतीच. आमच्या ऑफिसमध्ये असे एक-दोन जण असतात. त्यांचा प्रोग्राम तयार असतो, उत्तम असतो, पण ते कुणाला दाखवत नाहीत, अजून थोडं नीट करतो म्हणतात. तोवर दुसरं कुणी तरी तेच काम करून मोकळं होतं. (हो, मीही केलं आहे असं.)

त्या लेखातला एक नियम मला फार आवडतो. एक मोठा गोळा थांबलेल्या लहान गोळ्यावर आदळला, तर लहान गोळ्याला वेग मिळतो. पण दोघांच्या मध्ये एक मधल्या आकाराचा गोळा ठेवला, तर लहान गोळ्याला आणखी जास्त वेग मिळतो. मध्ये जितके जास्त गोळे, तितका वेग जास्त. हायगेन्सनी शंभर गोळ्यांचं उदाहरण घेतलं होतं: प्रत्येक गोळा आधीच्याच्या निम्म्या वस्तुमानाचा. प्रत्येक टकरीत वेग 4/3 पट होतो. शंभर गोळे, म्हणजे 99 टकरी. कॅल्क्युलेटरवर 4/3 चा 99 वा घात काढा. शेवटच्या गोळ्याचा वेग पहिल्याच्या 2.3 लाख कोटी पटींहून जास्त येतो. खऱ्या जगात असं होऊ शकत नाही, पण कागदावर बघायला मजा येते.

उरलेली वर्षं

1669 मध्ये छापले गेले ते फक्त नियम. ते खरे का आहेत, होडी, काठावरचा माणूस, सगळ्या सिद्धता, हे अजून कागदांतच होतं.

1670 च्या सुरुवातीला हायगेन्स पॅरिसमध्ये इतके आजारी पडले की आपण वाचत नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी इंग्लंडच्या वकिलातीतल्या सचिवाला बोलावून घेतलं आणि आपले न छापलेले कागद लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोचवायला सांगितलं. ज्या संस्थेने वर्षापूर्वी त्यांना दुखावलं होतं, तिच्याकडेच. यातून पुढे ते बरे झाले. पण असा आजार त्यांना पुन्हा पुन्हा येत राहिला.

1672 मध्ये लायब्निझ नावाचा एक तरुण जर्मन पॅरिसला आला. त्याला गणितात खूप रस होता, पण शिक्षण कमी पडत होतं. हायगेन्सनी त्याला काय वाचायचं ते सांगितलं, कूटप्रश्न दिले, वाट दाखवली. हाच लायब्निझ पुढे कॅल्क्युलसचा एक जनक झाला. आणि वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग ही राशी निसर्गात फार महत्त्वाची आहे, असं जगाला ठणकावून सांगणाराही तोच. सरांनी हायगेन्सना थांबवलं होतं. हायगेन्सनी मात्र आपल्या विद्यार्थ्याला थांबवलं नाही.

1681 मध्ये आजारपणामुळे हायगेन्स द हेगला परतले. बरं वाटलं की पॅरिसला जायचं असं ठरलं होतं. पण 1683 मध्ये त्यांचा तिथला पाठीराखा मंत्री कोल्बेर वारला. 1685 मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट लोकांचे हक्क काढून घेतले. हायगेन्स प्रॉटेस्टंट होते. परत जायचा रस्ता बंद झाला. 1687 मध्ये वडील वारले, नव्वदीत. त्याच वर्षी न्यूटन यांचं मोठं पुस्तक आलं. त्यात गतीचे नियम सांगताना न्यूटन यांनी टकरीच्या कामाबद्दल रेन, वॉलिस आणि हायगेन्स या तिघांची नावं घेतली आहेत. 1689 मध्ये हायगेन्स इंग्लंडला जाऊन न्यूटन यांना भेटलेही.

हायगेन्सनी लग्न केलं नाही. शेवटची वर्षं ते बराच काळ द हेगजवळच्या व्होर्बर्ग गावी, वडिलांनी बांधलेल्या घरात राहिले. चारही बाजूंना पाणी असलेलं ते घर अजून आहे, आणि आत म्युझियम आहे. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मुलांनी आई-बाबांना सांगून नक्की जावं.

8 जुलै 1695 रोजी हायगेन्स वारले. आपले कागद त्यांनी लायडनच्या विद्यापीठाला दिले होते, जिथे ते सोळाव्या वर्षी शिकायला गेले होते. दोन प्राध्यापकांनी ते कागद चाळले, नीट लावले आणि 1703 मध्ये छापले. त्यात टकरीचं पुस्तक होतं. तेविसाव्या वर्षी सुरू झालेलं, सत्ताविसाव्या वर्षी बहुतेक पुरं झालेलं, आणि सत्तेचाळीस वर्षं थांबलेलं. त्यात ते चित्रही आहे: पाण्यावर होडी, होडीत हातात दोऱ्या धरलेला माणूस, आणि काठावर उभा असलेला दुसरा.

थोडा सराव

सहावा नियम आणि चौथा नियम तुमच्या शब्दांत घरी कुणाला तरी मराठीतून सांगा. संवेग आणि वेग हे शब्द वापरायचे, मोमेंटम म्हणायचं नाही.

व्हान स्कूटेन सरांच्या जागी तुम्ही असता तर हायगेन्सच्या पत्राला काय उत्तर लिहिलं असतं? पाच-सहा ओळी लिहा.

1 किलोचा गोळा सेकंदाला 4 मीटर वेगाने येऊन थांबलेल्या 3 किलोच्या गोळ्यावर आदळतो. टक्कर स्थितिस्थापक आहे. होडीचा वेग 1 धरा आणि टकरीनंतरचे दोन्ही वेग शोधा. मग संवेग आणि वेगाचा वर्ग, दोन्ही हिशोब जुळतात का ते तपासा. आणि गोळे ओल्या मातीचे असते तर?